अमेरिकेतला ‘तो’ शब्द आणि घरातला वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याबद्दल मराठीत चार शब्द बोलायला उभं राहिलं, की विषय कुठलाही असो, शेवटी एक हात हमखास वर होतो. “ते स्वतः एकमेकांना तो शब्द सर्रास म्हणतात, मग दुसऱ्याने म्हटला तर एवढा गहजब कशाला?” उत्तर दोन वाक्यांत द्यावं अशी अपेक्षा असते. ते दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून हे पान.

नेमका कोणता शब्द? आणि तुम्ही तो इथे लिहीत का नाही?

इंग्रजीत ज्याला आता ‘एन-वर्ड’ म्हणतात तो. कृष्णवर्णीयांसाठी वापरली जाणारी, ‘एन’ने सुरू होणारी शिवी. मी तो लिहीत नाही, कारण न लिहिताही तुम्हाला कळतो आहे. ‘एन-वर्ड’ हा आडवळणाचा शब्द घरोघरी पोहोचला तो १९९५ साली, ओ. जे. सिम्प्सन या माजी फुटबॉलपटूवरच्या खुनाच्या खटल्याच्या वेळी. एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या तोंडचा तो शब्द ज्युरीला ऐकवायचा की नाही यावर कोर्टात जुंपली. क्रिस्टोफर डार्डन हे सरकारी वकील स्वतः कृष्णवर्णीय. इंग्रजी भाषेतला याहून घाणेरडा शब्द नाही, असं त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं होतं.

‘निग्रो’ आणि हा शब्द एकच का?

मूळ एक, नशीब वेगळं. लॅटिनमध्ये काळ्या रंगाला ‘निगर’, त्यावरून स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये ‘नेग्रो’. १६१९ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून पकडून आणलेली विसाहून थोडी अधिक माणसं उतरवली गेली. तिथल्या जॉन रॉल्फने लिहून ठेवलेल्या नोंदीत या शब्दाचं एक जुनं रूप आहे. तेव्हा ती शिवी नव्हती. मालाच्या यादीत लिहावं तसं लिहिलेलं होतं. हे जास्त बरं होतं की वाईट, ते तुम्हीच ठरवा.

‘निग्रो’ मात्र बराच काळ प्रतिष्ठेचा शब्द होता. त्याचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत छापावं म्हणून कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस आणि इतरांनी वर्षानुवर्षं आग्रह धरला, तेव्हा १९३० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते मान्य केलं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तोही शब्द मागे पडला. त्याच्या जागी आलेला ‘ब्लॅक’ आधीच्या पिढीला चक्क अपमान वाटायचा. म्हणजे हिणवणारा शब्द उचलून अभिमानाने मिरवणं हे या समाजाने एकदा करून दाखवलेलंच आहे. पुढचं सगळं भांडण या पार्श्वभूमीवर आहे.

मग तो शिवी कधी झाला?

आपली समजूत असते की गुलामगिरी म्हणजे दक्षिणेतली, आणि शिवीही तिथलीच. पण होझिया ईस्टन नावाच्या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने १८३७ साली बॉस्टनमध्ये एक पुस्तिका छापली. त्यात त्याने उत्तरेतल्या, म्हणजे स्वतःला सुधारलेल्या समजणाऱ्या, घरांचं वर्णन केलंय. लहान मुलं ऐकत नाहीत तर त्यांना या शब्दाचा बागुलबुवा दाखवायचा, मूर्खपणा केला तर ‘त्याच्यासारखा’ म्हणायचं. शिवी पाळण्यातच पाजली जात होती, हे ईस्टनचं निरीक्षण.

स्मिथ कॉलेजमधल्या इतिहासकार एलिझाबेथ स्टॉर्डर प्रायर यांनी याच काळाचा अभ्यास केलाय. त्यांची मांडणी अशी, की हा शब्द कष्टकरी काळ्या माणसांच्या आपसातल्या बोलण्यात आधीपासून होता. उत्तरेत गुलामगिरी संपत आली, मोकळी झालेली माणसं चांगले कपडे घालून रस्त्याने ताठ चालू लागली, तेव्हा त्यांना त्यांची पायरी दाखवायला गोऱ्यांनी तो हत्यारासारखा वापरला. हे खरं धरलं तर ‘शब्द परत घेतला’ हे आपण म्हणतो तितकं सरळ राहत नाही. काही जणांच्या तोंडून तो कधी गेलाच नव्हता.

(या प्रायरबाई विनोदवीर रिचर्ड प्रायर यांच्या कन्या. ते गृहस्थ पुढे येणार आहेत, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.)

उघडपणे, मंचावर, मिरवत म्हणायला कधी सुरुवात झाली?

घरात, न्हाव्याच्या दुकानात, पत्त्यांच्या डावात तो होताच. गोऱ्यांच्या कानांवर पडेल अशा बेताने तो वापरायला सुरुवात झाली साठ-सत्तरच्या दशकांत. विनोदवीर डिक ग्रेगरी यांनी १९६४ साली आत्मचरित्र लिहिलं आणि त्याला नावच त्या शब्दाचं दिलं. अर्पणपत्रिका आईला: यापुढे हा शब्द कानावर आला तर समज, ते माझ्या पुस्तकाची जाहिरात करतायत. डंख काढून टाकण्याची याहून नेमकी तऱ्हा मी वाचलेली नाही.

रिचर्ड प्रायर दहा वर्षांनी आले. १९७४च्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या नावात तो शब्द होता, तिला ग्रॅमी मिळालं. मग ऐंशीच्या दशकाअखेर कॉम्प्टनच्या पोरांचा रॅपगट आला, त्याच्या नावातलं पहिलं अक्षर त्याच शब्दाचं. तिथून पुढे तो शब्द कॅसेटवरून, रेडिओवरून, नंतर फोनवरून जगभर पसरला. सातारच्या पोरालाही तो पाठ आहे, बिचाऱ्याला ईस्टन कोण हे माहीत नसलं तरी.

शेवटी ‘र’ की ‘आ’, हा काय प्रकार आहे?

कृष्णवर्णीयांच्या बोलीत शब्दाच्या शेवटचा ‘र’ गळतो. तरुण पिढी म्हणते, ‘र’वाला तो मालकाचा शब्द, ‘आ’वाला तो आमचा. रॅपर टुपाक शकुर तर म्हणायचा की पहिल्याच्या गळ्यात दोर असतो आणि दुसऱ्याच्या गळ्यात सोन्याची साखळी. शब्दाच्या एकेका अक्षरावरून एकेक शब्द जोडून त्याने नवा अर्थही बनवला होता.

म्हाताऱ्यांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, लिंचिंगला, म्हणजे जमावाने काळ्या माणसाला ठार मारायला, जमलेल्या दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या तोंडातही ‘र’ गळतच होता. भाषाशास्त्र म्हणून म्हाताऱ्यांचं बरोबर आहे. पण बोलीत दोन उच्चार दोन कामं करू लागले की ते दोन शब्द होतात, हेही भाषाशास्त्रच.

बाजूने बोलणारे नेमकं काय म्हणतात? निव्वळ सवय, की काही विचार आहे?

दोन्ही आहे. सवयीचं समर्थन फार रंजक नसतं, तेव्हा विचाराकडे येऊ.

एक म्हणणं असं: शब्द आम्ही बंद केला म्हणून तो विचार बंद होत नाही. बराक ओबामा २०१५च्या जूनमध्ये मार्क मॅरनच्या पॉडकास्टवर बोलत होते. चार्ल्सटनच्या चर्चमध्ये एका गोऱ्या तरुणाने नऊ कृष्णवर्णीयांना गोळ्या घालून दोनच दिवस झाले होते. ओबामांनी तिथे तो शब्द पुरता उच्चारला. चारचौघांत हे म्हणणं असभ्य मानलं जातं एवढ्याने वंशवाद गेला असं समजू नका, असा त्यांचा मुद्दा. मुलाखत प्रसारित झाल्यावर वृत्तवाहिन्यांवर चर्चा कशाची? तर शब्दाची. मुद्दा सिद्ध करायला आणखी काय हवं!

दुसरं म्हणणं जिव्हाळ्याचं. २०१६च्या व्हाइट हाउस वार्ताहरांच्या भोजनात लॅरी विल्मोर या विनोदवीराने भाषणाच्या अखेरीस आपल्या लहानपणची आठवण काढली: तेव्हा काळा माणूस फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाली रचणारा मुख्य खेळाडू, होईल हेही लोकांना पटत नव्हतं, आणि आज एक काळा माणूस देश चालवतोय. मग छातीवर हात मारत, राष्ट्राध्यक्षांना बॅरी म्हणून हाक मारत, त्याने तो ‘आ’वाला शब्द वापरला. ओबामा हसले, त्यांनीही छातीवर हात मारला. सभागृहातले बरेच जण अवघडले. अल शार्प्टन यांच्यासारखे ज्येष्ठ नेते मात्र नाराज झाले: राष्ट्राध्यक्षपदाला हे शोभत नाही.

मला त्या क्षणात आपल्याकडचं ‘आपला माणूस’ ऐकू येतं. पण मला ऐकू येण्याने शार्प्टन यांची नाराजी खोटी ठरत नाही.

आणि विरोध करणारे? तेही कृष्णवर्णीयच ना?

बहुतेक सगळे. हे भांडण घरातलं आहे, बाहेरच्यांना हीच गोष्ट दिसत नाही.

रिचर्ड प्रायर १९७९ साली केनियाला गेले. परत आल्यावर त्यांनी मंचावरून सांगितलं: तिथे हॉटेलात बसून आजूबाजूला पाहिलं, सगळीकडे काळीच माणसं, कामं करणारी, हसणारी, देश चालवणारी. आतून प्रश्न आला, इथे ‘तसं’ कुणी दिसतंय का? एकही नाही. इतके दिवस इथे राहून तो शब्द आपल्या तोंडी एकदाही आला नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी तो सोडला. ज्या माणसाने तो मंचावर आणून बसवला, त्यानेच. काही चाहते रागावले, म्हणाले, म्हातारा मवाळ झाला.

टीव्हीवरच्या प्रसिद्ध मुलाखतकार ओप्रा विन्फ्री यांचा विरोध वेगळ्या जागेवरून येतो. लिंचिंगमध्ये मारल्या गेलेल्या प्रत्येक माणसाने शेवटचा ऐकलेला शब्द तो असेल, हे मला विसरता येत नाही, असं त्या रॅपर जे-झीला २००९ साली म्हणाल्या. १८७७ ते १९५० या काळातल्या अशा चार हजारांहून अधिक हत्यांची नोंद झालेली आहे, म्हणजे ही अलंकारिक भाषा नाही. जे-झीचं उत्तर होतं की बळ शब्दात नसतं, हेतूत असतं. आमच्या पिढीने त्यातलं बळ काढून घेतलं. दोघं एकमेकांना पटवू शकले नाहीत. मुलाखत सौजन्याने संपली.

विन्फ्री मिसिसिपीत वाढू लागल्या तेव्हा वंशभेदाचे कायदे लागू होते. जे-झी जन्मला १९६९ साली, ब्रुकलिनमध्ये. वादाचा निम्मा उलगडा मला या दोन वाक्यांतच होतो.

त्या शब्दाचं म्हणे दफन केलं होतं?

केलं होतं. ९ जुलै २००७, डेट्रॉइट. एनएएसीपी या नागरी हक्कांच्या सर्वांत जुन्या संघटनेचं अधिवेशन होतं. साधी पाइन लाकडाची शवपेटी, वर काळी नकली फुलं, दोन घोडे जुंपलेला गाडा, मागे लोकांची रांग. राज्याच्या गव्हर्नर आणि शहराचे महापौरही हजर. याच शहरात १९४४ साली संघटनेने ‘जिम क्रो’चं, म्हणजे वंशभेदाच्या कायद्यांचं, असंच प्रतीकात्मक दफन केलं होतं. त्याच वर्षीच्या, म्हणजे २००७च्या, फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या नगर परिषदेनेही या शब्दावर प्रतीकात्मक बंदीचा ठराव केला होता. त्याला दंड नव्हता, शिक्षा नव्हती.

या सगळ्याला निमित्त आदल्या नोव्हेंबरचं. मायकेल रिचर्ड्स या गोऱ्या विनोदी नटाने लॉस एंजेलिसच्या एका क्लबात प्रेक्षकांवर तो शब्द अक्षरशः ओकला. प्रायर यांचे जुने साथीदार पॉल मूनी यांनी तो प्रकार पाहून आपणही शब्द सोडत असल्याचं जाहीर केलं.

दफनानंतर काही फरक पडला?

नाही. काही महिन्यांतच नास या रॅपरने अल्बमचं नाव त्या शब्दावरून ठेवायचं ठरवलं. दुकानदार आणि नेते, दोघांचा दबाव आला. शेवटी २००८ साली अल्बम बिननावाचा निघाला.

पण ते म्हणतात, मग आम्ही का नाही? हा दुटप्पीपणा नाही का?

हाच तो हात वर करणारा प्रश्न.

लेखक ता-नेहिसी कोट्स यांना २०१७ साली इलिनॉयमधल्या एका कार्यक्रमात एका गोऱ्या विद्यार्थिनीने विचारलं, की मित्रमैत्रिणी रॅपबरोबर गाताना तो शब्द म्हणतात, त्याचं काय करावं. कोट्स यांनी घरचे दाखले दिले: माझी बायको मला लाडाने हाक मारते, रस्त्यातल्या अनोळखी बाईने तीच हाक मारली तर चालणार नाही. वडिलांना त्यांच्या घरचे एका लाडक्या नावाने हाक मारत, मी ते नाव घेतलं नसतं.

मराठी माणसाला हे समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. तुमच्या आजोबांना त्यांचे शाळूसोबती ‘काय रे बाळ्या’ म्हणत असतील. तुम्ही एकदा म्हणून बघा. नात्यावर शब्दाचा अर्थ ठरतो हे ज्या भाषेत अरे-तुरे, अहो-जाहो आणि आपण यांच्या पायऱ्या आहेत, त्या भाषेच्या माणसाला शिकवायला नको. बाळ्या म्हणण्यामागे अडीचशे वर्षांची गुलामगिरी नाही, एवढाच काय तो फरक. आणि तो फरक तुमच्या बाजूचा नाही.

कोट्स यांनी पुढे एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. गोऱ्या मुलामुलींना लहानपणापासून वाटत आलेलं असतं की सगळं आपलं आहे. गाणं आवडतंय, पण त्यातला एक शब्द आपल्याला म्हणता येत नाही, या अडचणीतून गेलं तर काळं असणं म्हणजे काय याचा अंदाज येईल. काळ्या माणसाला न करता येणाऱ्या गोष्टी पावलोपावली असतात.

आम्ही कुठे गोरे आहोत? आम्हालाही तिथे वंशभेद सोसावा लागतोच.

हे मला न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्यानेच ऐकवलंय, गाडीत, गाणं चालू असताना. त्याचं म्हणणं, आपण ‘ब्राउन’, म्हणजे अर्धे आतलेच.

अर्धे आतले नाही. तो शब्द आपल्या आजोबा-पणजोबांवर फेकला गेला नव्हता. आपल्यातले बहुसंख्य अमेरिकेत पोहोचले ते १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर, पदव्या घेऊन. तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने बदललेल्या हवेत झाला, म्हणजे दार उघडलं ते काळ्या माणसांनी मार खाऊन. शिवाय आपल्याच घरांत मुलीने काळा मुलगा आणला तर काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. भाच्याला एवढं सगळं बोललो नाही. गाणं त्या शब्दावर आलं की तो आता गप्प राहतो, बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरतो.

कलाकारानेच गायला बोलावलं तर?

हेही घडलंय. मे २०१८मध्ये अलाबामातल्या एका महोत्सवात रॅपर केंड्रिक लामारने एका गोऱ्या चाहतीला मंचावर बोलावलं. तिने गाणं जसंच्या तसं, शब्द न गाळता म्हटलं. त्याने तिला थांबवलं, प्रेक्षक हुर्यो करू लागले, तिने माफी मागून पुन्हा म्हटलं. यावर मला केंड्रिकची बाजू पूर्ण घेता येत नाही. गाणं त्याचं, बोलावणं त्याचं, गर्दी बहुतांश गोरी आणि तीही तोच शब्द म्हणत असणार. त्या एकटीला सापडल्यासारखं झालं. पण दुसऱ्यांदा गाताना तिला शब्द गाळायला कष्ट पडले, हेही दिसलं.

कायदा काय म्हणतो?

नुसत्या शब्दाला शिक्षा नाही, अभिव्यक्तीचं संरक्षण तिथे व्यापक आहे. नोकरीच्या जागी मात्र वेगळं. २०१३ साली मॅनहॅटनच्या फेडरल कोर्टात एका कृष्णवर्णीय महिलेने आपल्या वरिष्ठावर केलेल्या दाव्याचा निकाल लागला. तोही अल्पसंख्याक समाजातला, संस्था गरजूंना रोजगार मिळवून देणारी. बचाव असा, की मी प्रेमापोटी, कान उपटायला म्हणालो, आमच्यात हे चालतं. ज्युरीने ते मानलं नाही. भरपाई आणि दंड मिळून २ लाख ८० हजार डॉलर. आपल्या माणसाने म्हटलं तरी अपमान होऊ शकतो, हे तिथे कागदावर आलं.

आणि थोडी करमणूक: नट डेमन वेयन्स यांनी २००५च्या सुमारास कपड्यांसाठी त्या ‘आ’वाल्या शब्दाचा ट्रेडमार्क मागितला होता. कार्यालयाने नाकारला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका आशियाई-अमेरिकन बँडच्या खटल्यात अवमानकारक नावांना ट्रेडमार्क नाकारणारा नियम घटनाबाह्य ठरवला. त्या बँडनेही आपल्या समाजाची शिवीच नाव म्हणून घेतली होती.

जुन्या पुस्तकांतून तो काढून टाकावा का?

मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’ची एक आवृत्ती २०११ साली तशी निघाली. दोनशेहून अधिक ठिकाणी शब्द काढून ‘स्लेव्ह’ घातला. माझं मत विरोधी. कादंबरीतला जिम गुलाम आहे ही त्याची परिस्थिती; त्याला काय म्हटलं जातं, हा म्हणणाऱ्यांचा गुन्हा. एकाच्या जागी दुसरं घातलं की गुन्हेगार सुटतो. पण वर्गात एकटाच काळा मुलगा बसलेला असताना तो उतारा मोठ्याने वाचायला लावणाऱ्या शिक्षकाला माझा हा युक्तिवाद वापरता येणार नाही.

आपल्याकडे असं काही आहे का?

आहे, आणि दोन समाजांत खरी देवाणघेवाणही आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना. बाबासाहेबांनी १९४६ साली डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे द्यायच्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ साली मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर तर नावातच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या संघटनेला घेऊन आली.

नावांचा झगडाही आपला जुना. १९३८ साली मुंबई विधिमंडळात ‘हरिजन’ शब्द कायद्यात घालायला बाबासाहेबांनी आणि त्यांच्या पक्षाने विरोध केला आणि सभात्याग केला. वरून बहाल केलेलं गोड नाव त्यांनी नाकारलं. पँथरने ‘तुडवला गेलेला’ अशा अर्थाचं नाव छातीवर लावलं. २०१८ साली माहिती व प्रसारण मंत्रालयाने माध्यमांना ‘दलित’ शब्द टाळायचा सल्ला दिला, तेव्हा सर्वांत जास्त चिडले ते स्वतःला दलित म्हणवणारेच.

पण ‘दलित’ ही शिवी नव्हती. एन-शब्दाच्या खरं जवळ जातात ती शिवी म्हणून फेकली जाणारी जातिनावं. पंजाबात गिन्नी माही या गायिकेने तसं एक नाव गाण्यात घेऊन मिरवलं, पोरं त्यावर नाचली. महाराष्ट्रात कल उलटा दिसतो: २०२० साली राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं, समतानगर, भीमनगर अशी नावं सुचवली. अमेरिकेने १९६३ साली नकाशावरच्या टेकड्या-ओढ्यांच्या नावांतून एन-शब्द काढून ‘निग्रो’ घातला होता. आता तेही बदलावं लागतंय.

मराठीत लिहिताना काय वापरावं?

‘निग्रो’ नको, जुन्या संस्थेच्या किंवा पुस्तकाच्या नावात असेल तरच. ‘हबशी’ हा इतिहासातल्या, मलिक अंबरच्या काळातल्या लोकांसाठी. आजच्या माणसासाठी कृष्णवर्णीय किंवा आफ्रिकन-अमेरिकन. ‘काळा’ लिहायला मी कचरत नाही, कारण ‘ब्लॅक’चा तो सरळ अर्थ आहे, ‘काळ्या’ अशी हाक मात्र वेगळी गोष्ट. भाषांतर करताना संवादात एन-शब्द आला तर मात्र मी तो लिप्यंतर करून ठेवतो. कुणा मराठी जातीची शिवी त्याच्या जागी घालत नाही. एका भाषांतरात मी तसं करून पाहिलं होतं. मिसिसिपीचा शेतमजूर एकदम मराठवाड्यातला झाला आणि दोघांचंही दुःख पुसट झालं. पान फाडून टाकलं.

मग शेवटी बरोबर कोण? प्रायर की जे-झी?

मला विचारू नका. मला मत नाही असं नाही; माझं मत तिथे मोजलं जात नाही, आणि ते बरोबरच आहे. प्रायर यांच्याकडे झुकतं माप आहे, एवढं मात्र कबूल करतो. केनियातल्या त्या हॉटेलचं वर्णन ऐकल्यापासून.